दाढीवाला जॉर्ज आणि बिनदाढीचा

माझ्या दुकानात कुणी हसत आलं की मी आधी त्याच्या मुठीकडं बघायचे. रडत आलं तरी तेच. पूर्णेच्या सराफ्यात उभा जन्म गेला माझा, आणि त्यात एक गोष्ट अंगात मुरली. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं, खरा निघाला तर चहा मागवायचा. चहा फार वेळा मागवावा लागला नाही. घरातले म्हणतात, तू देवळात मिळालेलं खोबरंसुद्धा उलटंपालटं करून बघतेस. बघते. कधीकधी खवट निघतं.

बाईमाणूस सराफाच्या गादीवर कसं, हे सगळेच विचारतात. माझ्या नवऱ्याला दुकानाचा वीट होता. तो रेल्वेत लागला आणि सुखी झाला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकटे पडले. एक दिवस त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, हातात कसोटीचा दगड दिला आणि म्हणाले, "पोरी, तुला भाजी घ्यायला धाडलं की भाजीवाला रडकुंडीला येतोय. हितं बस." ही स्तुती होती की टोमणा, ते मला अजून कळलं नाही. पण बसले ती गुडघे जाईपर्यंत उठले नाही. गावानं आधी नावं ठेवली, मग बायका चोरून यायला लागल्या, मग उजळ माथ्यानं. मी सगळ्यांची काकू झाले.

आमच्या धंद्यात संशय दोन्ही बाजूंनी असतो, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. मी गिऱ्हाइकावर संशय घेते तसं गिऱ्हाईक माझ्यावर घेतं, आणि त्यात कुणी रागवायचं नसतं. आमच्या भागात जुना डाग, म्हणजे दागिना, आटवायला आणला की घरातलं एक माणूस भट्टीपुढं पाट टाकून बसतं. चांदी मुशीत पडल्यापासून ती ओतून थंड होईपर्यंत ते उठत नाही. पाणी पीत नाही, पदर सावरत नाही, डोळ्याला डोळा लावत नाही. नांदेडकडची एक म्हातारी तर शिंक आली तरी डोळे उघडे ठेवायची. मी तिला म्हटलं, आजी, मी काय मूस गिळणार आहे का? ती म्हणाली, "तू न्हाई गं, पण तुझी जात लय वाईट."

माझ्याकडं सोन्यापेक्षा चांदी जास्त यायची, आणि चांदीत रुपये. जुने, राजाचं तोंड असलेले. आमचा मुलूख निजामाचा. इथं हाली रुपया चालायचा, चारमिनारवाला. पण इंग्रजाच्या रुपयाला मान मोठा. त्याला कलदार म्हणायचे. बरोबर एक तोळा वजन, म्हणून जुन्या सोनारांनी तराजूत मापालाही तोच वापरला. लोकांनी हे कलदार मडक्यात पुरले, पाळण्याला बांधले, आणि कडी लावून, रेशमी गोफात ओवून बायकांच्या गळ्यात घातले. घालणाऱ्यांना अक्षर कळत नव्हतं, पण तोंडं सगळ्यांना पाठ. राणीछाप म्हणजे राणी. डोक्यावर मुकुट नाही, टक्कल आहे, तो टकल्या, म्हणजे एडवर्ड. आणि मग जॉर्ज.

जॉर्ज दोन. इथंच सगळा घोळ. पाचवा बाप, सहावा लेक. दोघांच्या डोक्यावर मुकुट, दोघांची तोंडं डावीकडं, नाव एकच. बापाला दाढी आहे, लेक गुळगुळीत. वजन तेच, आकार तोच. पण बापाच्या रुपयात जवळजवळ सगळी चांदी, आणि लेकाच्या रुपयात, सुरुवातीचे थोडे सोडले तर, निम्मीच. मध्ये महायुद्ध आलं, सरकारला चांदी पुरेना. शेवटी शेवटी तर चांदीचा पत्ताच नाही, तो रुपया लोहचुंबकाला चिकटतो. रोमन आकड्यात पाचपुढं एक उभी रेघ मारली की सहा होतो. मामंजी म्हणायचे, त्या एका रेघेनं अर्धी चांदी खाल्ली.

दुकानात इतिहासाचे एक मास्तर येऊन बसायचे. त्यांनी मला सांगितलं की या लेकाचं घरातलं नाव जॉर्ज नव्हतंच. गादीवर बसताना त्यानं बापाचं नाव घेतलं, लोकांचा भरवसा राहावा म्हणून. मास्तर म्हणाले, तिकडं ही पद्धतच आहे, एका नावाचे आठ-आठ, दहा-दहा, अठरा-अठरा राजे. मी म्हटलं, आमच्याकडं लग्नात सुनांची नावं बदलतात, तिकडं राजांची. पण बापाचं नाव लावून निम्म्या चांदीचा रुपया चालवणं याला सराफ्यात काय म्हणतात ते मला विचारा. आमच्याच गल्लीत तशा पाट्या लावलेली दोन दुकानं होती.

या राजांच्या नावावर लोकांनी काय काय सोंगं आणली. एक गृहस्थ पांढऱ्याधोप कपड्यात आला, दार लावून घ्या म्हणाला. मी दार आणखी उघडलं. रुमालातून त्यानं रुपये काढले आणि कानात सांगितल्यासारखं बोलला, "काकू, चारठाणा गावचं धन हाय. जुन्या देवळाच्या पायाखाली घावलं. आजून हंडाभर हाय." मी एक रुपया उचलला. दाढीवाला जॉर्ज. म्हटलं, ते देऊळ बांधून शेकडो वर्षं झाली. हा राजा तिथं पायाखाली कधी जाऊन बसला? तो रुमालाची गाठ चाचपत म्हणाला, "मंग नंतर कुणी तरी ठिवलं आसंल." रुपये खरे होते, ही यातली मेख. रुपये खरे दाखवायचे आणि हंड्याच्या नावाखाली पितळेचे मणी गळ्यात मारायचे, असा तो खेळ. त्याला उठवला. पुढच्या गल्लीत त्याला गिऱ्हाईक मिळालं, तेही माझ्याच ओळखीचं, वकील.

आता हे मोबाइलचं नवीन आलंय. पोरं व्हिडिओ दाखवतात, हा रुपया विका आणि बंगला बांधा. एकाला बंगला नव्हता बांधायचा, फक्त जीप घ्यायची होती. मी खरी किंमत सांगितली तर त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच त्याची जीप पळवली. असो. हे सगळे विसरण्यासारखे. एक घर मात्र मनातून जात नाही.

पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात मंदा नावाची बाई राहायची. नवरा रेल्वेत. सासर पिंगळीजवळच्या खेड्यात, तिथं थोरला दीर आणि थोरली जाऊ कौसाबाई शेती बघायचे. म्हातारी सासूही त्यांच्याकडंच. मंदा एक दिवस रुपयांची माळ घेऊन आली. लेकीला मुलगा झाला होता, बारशाला वाळे आणि करदोटा करायचा होता. आली तीच पाट मागून भट्टीपुढं बसली.

मी माळ हातात घेतली आणि घेतल्या घेतल्या कळलं. सगळे बिनदाढीचे. नाकडोळे कोरे, मुकुटाची नक्षीसुद्धा शाबूत. तरी दगडावर टाकून आवाज ऐकला. बद्द. कसोटीवर ओढून तेजाबाचा थेंब सोडला, हिरवट फेस आला. मी भट्टी पेटवलीच नाही. सांगितलं, "मंदाबाई, याचे वाळे करू नका. निम्मी चांदी आहे. लेकराच्या पायात काळे पडतील."

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, माझी जात आठवून. मग माळ परत घेऊन बोटांनी चाचपली. "आसं कसं होईल? आमच्या सासूबाईनं दोघी सुनांना लग्नात माळा दिल्या. एकाच मडक्यातले रुपये, एकाच राजाचे. थोरलीची चांदी खरी हाय. तिनं एक रुपया परभणीला तपासून घेतलाय." बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. "माझी माळ इतकी वर्षं तिच्याच पेटीत होती. क्वार्टरात चोऱ्या होतेत म्हणून मीच ठिवली होती."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. मी तरी काय, संशयावर जगलेली बाई. माझ्या मनात कौसाबाई चोर ठरून बसलीसुद्धा. अक्षरशत्रू बाई, पण दाढी असलेला आणि नसलेला ओळखायला अक्षर कशाला लागतं? गोफही नवा होता, म्हणजे माळ कधीतरी सोडली गेली होती. मी ते मंदाला दाखवलं. दाखवायला नको होतं असं नाही, पारखीचं कामच ते.

आठवड्याभरात प्रकरण गावभर झालं. मंदानं गावात जाऊन जावेला सांगितलं, खंडोबाच्या देवळात चल आणि बेलभंडार उचल. म्हणजे देवापुढं हळद हातात घेऊन शपथ घे, की मी घेतलं नाही. कौसाबाईनं नकार दिला. गावाला एवढं पुरलं. बाया पाण्यावर तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिच्या लेकाचं लग्न ठरत आलं होतं, त्या पाहुण्यांच्या कानावर गेलं आणि त्यांचं येणं लांबलं. शेवटी तिचा नवराच माझ्याकडं आला. घाम पुसत म्हणाला, "काकू, तुमी येऊन दोन्ही माळा बघा. काय आसंल ते चौघांत सांगा. चोर आसंल तर चोर म्हणा. पण काय तर म्हणा."

सकाळच्या गाडीनं पिंगळीला उतरले आणि तिथून रिक्षानं गेले. पिशवीत दगड, तेजाबाची बाटली, भिंग. अंगणात बाजेवर म्हातारी पडलेली. अंगावरून वारं गेलेलं, उजवी बाजू लुळी, बोलणं जड, पण शुद्ध पक्की. कौसाबाई तिला पेज भरवत होती. तोंडाच्या लुळ्या बाजूनं पेज गळायची, ती पदरानं टिपायची आणि पुन्हा चमचा पुढं करायची. मंदा लांब खांबाला टेकून उभी. दोन्ही भाऊ ओट्यावर.

चोरानं सेवा दाखवायला हीच वेळ निवडली, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू.

"माळ द्या," मी म्हटलं. कौसाबाईनं गळ्यातूनच काढून दिली. अंगाची ऊब होती तिला. रुपये इतके झिजलेले की राजाचं नाक गेलेलं, कान गेलेला. पण अंगठा फिरवला की हनुवटीखाली दाढी लागत होती. दगडावर टाकला, घंटेसारखा वाजला.

"ही कधी सोडली होती?"

"कधीच न्हाई," ती म्हणाली. "परभणीला एक तपासला तो बी गळ्यातच ठिवून. मामींनी त्यांच्या सोताच्या अंगावरची काढून दिली मला. बघा की किती झिजलीय. त्यांच्या गळ्यावरच झिजलीय ती." आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. हे सांगताना ती पहिल्यांदा ताठ बसली. मला वाटलं, पाठ करून ठेवलंय.

"आणि मंदाबाईच्या माळेचा गोफ कुणी बदलला?"

"मी. उंदरानं कुरतडला होता. तिला कळवलं होतं." मंदानं मान दुसरीकडं वळवली. म्हणजे कळवलं होतं.

मग मी मंदाची माळ भिंगाखाली धरली. आणि कड्या बघून थांबले. रुपयाला लावलेली कडी ही सोनाराची सही असते. कुणी कडी कुठंही लावतो, मग गळ्यात राजा वाकडातिकडा लटकतो. मामंजींना ते खपायचं नाही. ते मुकुटाच्या बरोबर मधोमध लावायचे, दोन तारांना पीळ देऊन. म्हणायचे, चोर का असेना, राजा आहे, सरळ उभा राहिला पाहिजे. मंदाच्या माळेतला प्रत्येक बिनदाढीचा जॉर्ज सरळ उभा होता. पिळाची कडी, झाळेत, म्हणजे जोडात, वर्षानुवर्षांचा काळा मळ. कौसाबाईच्या माळेतही तेच काम. मामंजी मंदाच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेले, आणि तशी कडी त्यांच्यानंतर आमच्याकडंही कुणाला जमली नाही. मला तर नाहीच.

मी चौघांना सांगितलं, "हे रुपये बाहेरून आणून घातलेले नाहीत. लग्नाच्या वेळचेच आहेत. आमच्या मामंजींच्या हातचे."

कौसाबाईच्या नवऱ्यानं मोठा श्वास सोडला. पण मंदा काय कमी होती, माझ्याच तालमीतली शोभावी. म्हणाली, "मंग माळाच बदलल्या आसतील. हिची मला, माझी हिला. दोन्ही तुमच्याच सासऱ्यानं केल्या की."

बरोबर होतं तिचं. माझ्याही मनात तेच आलं होतं. आता सांगू शकणारं माणूस एकच होतं. मी दोन्ही माळा घेऊन बाजेवर बसले. "आजी, बघा बरं. यातली कुठली कुणाला दिली होती?"

म्हातारीनं डाव्या हातानं दोन्ही चाचपल्या. झिजकी कौसाबाईकडं लोटली. कोरी छातीशी धरली. "ही मंदीची," ती म्हणाली. जड जिभेनं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "घासलेले थोरलीला दिले. नवे कोरे माझ्या मंदीला."

झालं होतं काम. कौसाबाई सुटली होती. बेलभंडाराशिवाय, चौघांसमोर. मी तिथं माळ ठेवून उठायला हवं होतं. पण आयुष्यभराची खोड. कुणी काही दिलं की का दिलं, हे मला विचारल्याशिवाय राहवत नाही. "आजी, असं का?"

म्हातारी अर्ध्या तोंडानं हसली. तिला वाटलं असेल, सोनारणीला एवढंही कळत नाही. "मंदी माझ्या भावाची लेक. तिला चांगले नकोत का? तोंड बघ राजाचं, कसं लख्ख दिसायलंय." मग कौसाबाईकडं न बघताच म्हणाली, "हिला काय, कसले बी चालतेत."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हातारीला समजावू लागले, की आजी, घासलेल्यांत चांदी सगळी आहे, कोऱ्यांत निम्मीच, चांगली माळ थोरलीला गेली. तिला ते पटेना. "राजा तर एकच की गं," ती म्हणाली आणि थकून डोळे मिटले. बिचारीनं झिजलं म्हणजे गेलं आणि कोरं म्हणजे भारी, असं धरलं होतं. तिनं भाचीला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं होतं, मनापासून. एकही रुपया कुणी चोरला नव्हता. मंदा पुढं आली, "आत्या" म्हणून बाजेच्या पायथ्याशी बसली आणि रडायला लागली. जावेकडं बघायची तिची हिंमत होईना.

मी पिशवी भरली. इतक्या वर्षांत माझा निकाल कधी चुकला नव्हता, त्या दिवशीही चुकला नाही, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

रिक्षापर्यंत कौसाबाई सोडायला आली. माळ तिनं गळ्यात घातली नव्हती, मुठीत धरली होती. मी म्हटलं, "कौसाबाई, मनाला लावून घेऊ नका. चांदी खरी तुमचीच आहे. आता गावात कुणी बोट दाखवणार नाही. पाहुण्यांना मी स्वतः सांगते."

"सांगा," ती म्हणाली. "लेकाचं काम होईल." तिनं रिक्षाची कांब धरली. "काकू, मला वाटायचं, लेकीसारखी मानून अंगावरचं काढून दिलं. त्याच्यावर मी इतके दिवस काढले. तुमी चोर म्हणला आसता तर बरं झालं आसतं."

अंगणातून म्हातारीची हाक आली, "कौसे, पाणी."

"आले, मामी," म्हणत ती वळली आणि चालता चालता माळ गळ्यात घातली.